अठ्ठेचाळीसचे सात रेझिस्टर

मंगळवार, ४ नोव्हेंबर

ठार गप्प! साधी खरखरसुद्धा नाही!

तीन आठवडे मान मोडून जोडलेला रिसीव्हर. बासष्ट सुटे भाग, एकेक नीट सोल्डर केलेला. गच्चीवर अकरा मीटर तार ताणली, तिच्यापायी शिडीवरून पडता पडता वाचलो. आज संध्याकाळी बॅटरी जोडली, हेडफोन कानाला लावला — शून्य. ही दारातून म्हणाली, "काय म्हणतंय जग?" म्हटलं, जग काही म्हणत नाही. "मग जेवायला चला," म्हणे.

हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी वायरलेसवाल्यांच्या क्लबातले बाकीचे चारही जण घरी बसून परदेशातली माणसं ऐकतात. त्यातला एक तर दातांचा डॉक्टर. पहिल्या दिवशी त्याने सोल्डरिंग आयर्न तापलेल्या टोकाकडूनच धरायला हात पुढे केला होता. त्याचा रिसीव्हर चालतो! माझा नाही!

निवृत्त झालो तेव्हा गिरणीतल्या निरोपाच्या भाषणात मॅनेजर म्हणाले होते, "मास्तरांनी आता काहीतरी नवीन शिकावं." बोलायला त्यांचं काय जातं. हॅम रेडिओच्या परीक्षेचा फॉर्म भरून बसलोय, आणि साधा ऐकायचा डबा चालवता येत नाही.

बुधवार, ५ नोव्हेंबर

मॅनेजरचा फोन. मला वाटलं, तब्येत विचारायला केला असेल. कसलं काय!

"मास्तर, घुम्याच्या चौकशीची तारीख लागली. सत्तावीस. तुमचा जबाब टाइप करून पाठवतो, सही करून घेऊन या."

सगळं एकदाचं इथे लिहून ठेवतो, म्हणजे त्या दिवशी डोक्यात गोंधळ नको. घुम्या म्हणजे गिरणीच्या रंगखात्यातला माझा मदतनीस. पन्नाशी उलटलेला. बावीस वर्षं माझ्या हाताखाली. नाव मीच पाडलं — विचारलं तरी नुसती मान हलवणार. मी निवृत्त व्हायच्या महिनाभर आधी एक लॉट निघाला. इस्पितळाच्या पडद्यांचं कापड, फिका राखाडी, अकराशे मीटर. गिऱ्हाइकाने सगळाच्या सगळा परत पाठवला — उन्हात जांभळट दिसतो म्हणून. रंगांचं प्रमाण लिहिलेल्या माझ्या चिठ्ठीवर निळा रंग चाळीस ग्रॅम. कोठारातल्या वहीत त्या दिवशी साठ ग्रॅम उचलल्याची नोंद, खाली घुम्याची सही. आता चाळीसचे साठ कुणी केले? तराजू कुणाच्या हातात होता?

तेव्हापासून त्याला घरी बसवलाय. सत्तावीसला माझा जबाब गेला की कायमचा बसेल. वाईट वाटतं. पण चूक ती चूक.

शनिवार, ८ नोव्हेंबर

रिसीव्हर पिशवीत घालून क्लबात नेला. शिकवणाऱ्या बाई बंदरावरच्या वायरलेस खोलीतून निवृत्त झालेल्या. साठीच्या पुढच्या, आवाज खणखणीत, दयामाया नाही. भिंग लावून बोर्ड उलटासुलटा पाहिला.

"रेझिस्टर मीटरने मोजून लावलेत?"

"पट्टे वाचून लावले."

"मीटरने मोजून?"

मग मात्र मी ऐकवलं. एवढ्याशा रेझिस्टरवर रंगांचे पट्टे असतात, प्रत्येक रंगाचा एक आकडा. काळा शून्य, तपकिरी एक, असं करत पिवळा चार, हिरवा पाच, निळा सहा, जांभळा सात, राखाडी आठ, पांढरा नऊ. दहा रंग! मी छत्तीस वर्षं रंगखात्यात काढली. नुसत्या राखाडीच्या चाळीस छटा माझ्या तोंडपाठ. मला हे पट्टे वाचायला मीटर लागतो?

बाई शांतपणे म्हणाल्या, "मोजलेत का एवढंच विचारलं. तुम्ही कोण होता ते नाही विचारलं."

सगळ्यांसमोर! दातांचा डॉक्टर खाली बघून हसला. पिशवी उचलली आणि निघून आलो.

गिरणीतही हेच. शेड मोजायचं मशीन घ्यायचं दहा वर्षं घाटत होतं. दरवेळी मीच मोडता घातला. मशीन कशाला? माझा डोळा आहे! शेवटी शेवटी तर मी नमुन्याचा तुकडासुद्धा समोर धरत नसे. शेड डोक्यात असते. ज्याच्या डोक्यात नसते त्याने मीटर घेऊन हिंडावं.

रविवार, ९ नोव्हेंबर

सापडला चोर!

सकाळी खिडकीशी बसून उरलेले रेझिस्टर पांढऱ्या कागदावर मांडले. यादीत लिहिलंय, सत्तेचाळीसचे सात. म्हणजे पिवळा, जांभळा. आणि पुडीत निघाले पिवळा, राखाडी! अठ्ठेचाळीस! सातच्या सात! तरीच मी मागच्या आठवड्यात दुसऱ्या पुडीतले जवळचे बघून लावले होते. किट विकणाऱ्यांनी चक्क चुना लावला. वर त्या रेझिस्टरांच्या अंगाचाच रंग निळसर, त्यावर पट्टे. हा कुठला शहाणपणा? पट्टा उठून दिसायला खालचा रंग तटस्थ हवा, हे रंगखात्यातल्या झाडूवाल्यालाही कळतं.

कंपनीला खरमरीत पत्र लिहिलं. दीड पान. "आपल्याकडे माल तपासणारा माणूस डोळे मिटून बसतो काय," असं शेवटचं वाक्य. लिहून फार बरं वाटलं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

बोट भाजलं. उजव्या हाताचं, लिहायचं तेच. म्हणून आज एवढंच.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

कंपनीचं उत्तर आलं. दोन ओळी!

"अठ्ठेचाळीसचे रेझिस्टर आम्ही पाठवलेले नाहीत, कारण नेहमीच्या मालात ते बनतच नाहीत. कृपया मीटरने तपासून घ्यावे."

मीटर, मीटर, मीटर! सगळ्यांनी मिळून कट केलाय. पुस्तक काढून पाहिलं. सत्तेचाळीसनंतर एकदम एक्कावन्न. अठ्ठेचाळीस खरंच नाही. असेल. छापखान्याची चूक असेल. नाहीतर पट्टे छापणाऱ्या मशीनची शाई बिघडली असेल, मशीनच ते.

दुपारी गिरणीतला शिपाई जबाबाचा कागद देऊन गेला. एकच पान. बाकी सगळं ठीक. मधे एक वाक्य — "मी लेखी प्रमाणाव्यतिरिक्त कोणतीही तोंडी सूचना दिली नव्हती." सही करायला बसलो, तर पेन सापडेना. उद्या करू.

शनिवार, १५ नोव्हेंबर

क्लबात गेलो नाही. जाणारही नाही!

घरात कटकट. पलंगावरची चादर पिवळी पडलीय, साबण बदल, असं साधं म्हणालो. ही म्हणाली, "परवाच काढलीय नवी. पांढरीशुभ्र आहे." म्हटलं, भिंतीही पिवळट झाल्यात, रंग काढायला हवा. तर म्हणे गेल्या वर्षीच काढला. "डबा तुम्हीच आणलात. पांढरा." मग माझ्या पायांकडे बोट दाखवून हसायला लागली. एक मोजा काळा, एक निळा! कपाट तिने लावायचं, मोजे तिने घड्या करून ठेवायचे, आणि हसायचं मला.

हसून झाल्यावर एकदम गंभीर झाली. बाजारात घुम्याची बायको भेटली होती म्हणे.

"काय म्हणाली?"

"काही नाही. तुमची तब्येत विचारली."

"बस?"

"बस. मला तोंड वर करून बोलवेना. पन्नाशीच्या माणसाला आता कोण ठेवून घेणार हो?"

मी काय करू! मी सांडला का तो रंग टाकीत? हिला म्हटलं, तू यात पडू नकोस. भांडी जरा जास्तच आपटून घासली तिने.

रविवार, १६ नोव्हेंबर

ते वाक्य डोक्यातून जात नाही. "कोणतीही तोंडी सूचना."

आता तोंडी सूचना म्हणजे काय? मी दिवसभर बोलतच असायचो. हे ढवळ, ते उतरव, वाफ कमी कर. "थोडा निळा घाल" असंही म्हणत असेन. रोजच म्हणत असेन. पण थोडा म्हणजे चिमूटभर! थोडा म्हणजे वीस ग्रॅम होतात का? बावीस वर्षं काम केलेल्या माणसाला एवढं कळू नये? आणि कळलं नाही तर तोंड उघडून विचारावं. तोंडाला काय कुलूप होतं?

सही अजून केलेली नाही. घाई काय आहे.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

मॅनेजरचा परत फोन. "झाली का सही?" म्हटलं, एक वाक्य जरा बदलून द्या. "कुठलं?" सांगितलं. मग फार गोड आवाजात म्हणाले, "मास्तर, तुमचं रेकॉर्ड बघा. तीन वर्षांत या एकाशिवाय तुमचा एकही लॉट परत आलेला नाही. अख्ख्या गिरणीत कुणाचं असं रेकॉर्ड नाही. अशा माणसाच्या सूचनेत चूक असेल का?"

खोटं कशाला लिहू, अंगावर मूठभर मांस चढलं. तीन वर्षांत एकही नाही! आणि क्लबातली बाई मला मीटर शिकवते.

बुधवार, १९ नोव्हेंबर

आज पुन्हा सगळं उकलून पुन्हा जोडलं. सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंत. पाठीचा कणा उरला नाही. बॅटरी लावली. ठार गप्प! हेडफोन काढून भिंतीवर फेकला. फुटला नाही, तेही नशीब.

शनिवार, २२ नोव्हेंबर

शेवटी हात टेकले. क्लबात गेलो. रिसीव्हर आणि ते सात रेझिस्टर बाईंसमोर ठेवले. म्हटलं, करा तुमच्या मीटरने. होऊन जाऊ दे!

बाईंनी एकेक मोजला. सत्तेचाळीस. सत्तेचाळीस. सत्तेचाळीस. मी म्हटलं, तुमचा मीटर बिघडलाय. त्यांनी दुसरा मीटर काढला. सत्तेचाळीस. सातच्या सात!

मग त्यांनी खणातून एक अडुसष्टचा काढला, ज्यावर राखाडी पट्टा असतो, आणि माझ्या सातांपैकी एक त्याच्या शेजारी ठेवला. दोन्ही दिव्याखाली.

"हे दोन पट्टे वेगळे दिसतात?"

"त्यात काय वेगळं? दोन्ही राखाडी."

बाईंनी दातांच्या डॉक्टरला हाक मारली. "हा कुठला रंग?" तो वाकला. "जांभळा." एका क्षणात. "आणि हा?" "राखाडी." आणि माझ्याकडे असा बघायला लागला, जसा तो किडलेल्या दाताकडे बघत असेल.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. बाईंनी बोर्ड तपासला. त्या सात जागांखेरीज आणखी पाच ठिकाणी चुकीचे बसवलेत, निळ्याच्या जागी हिरवे, असं बरंच काही. "सोल्डरिंग मात्र फार देखणं आहे तुमचं," म्हणाल्या. एरवी कधी कुणाचं कौतुक करत नाहीत. मग हळूच, "मास्तर, डोळे शेवटचे कधी दाखवलेत?"

घरी चालत आलो. मला जांभळा राखाडी दिसतो. जांभळा, राखाडी. इमारतीच्या दारात हे शब्द एकदम नीट कानात शिरले आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसलो. वरच्या मजल्यावरच्या काकू पिशव्या घेऊन चढत होत्या. "बरं नाही का?" म्हणाल्या. म्हटलं, दम लागला.

सोमवार, २४ नोव्हेंबर

डोळ्यांचा डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. "आतलं भिंग पिवळं पडलंय आजोबा. पिवळ्या काचेतून बघितल्यासारखं. निळा आणि जांभळा आधी जातो."

कधीपासून?

"हे हळूहळू होतं, त्यामुळे ज्याचं त्याला कळत नाही. चार-पाच वर्षं तरी झाली असतील. काही घाबरायचं नाही, भिंग बदललं की चादरी पांढऱ्या दिसतील." मग कागदावर लिहिता लिहिता सहज विचारलं, "काम काय करायचात?"

"गिरणीत होतो," म्हटलं. कुठल्या खात्यात ते सांगायला जीभ रेटली नाही.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

आठवलं. खरं तर विसरलो कुठे होतो! आठवायचं नव्हतं.

त्या दिवशी टाकीवर मी स्वतः उभा होतो. निवृत्तीला एक महिना, म्हणून हौसेने. घुम्याने चिठ्ठीप्रमाणे चाळीस ग्रॅम घातला. कापडाचा तुकडा वर काढला, मला दाखवला. मी म्हणालो, पिवळट मारतोय, निळा घाल. त्याने नमुन्याचा तुकडा पुढे केला. मी बघितलाही नाही! शेड डोक्यात आहे, म्हटलं. डोक्यातली शेड पूर्वीच्या चांगल्या डोळ्यांनी पाहिलेली आणि समोरची या पिवळ्या भिंगांतून. घुम्या उभाच. मी ओरडलो, "ऐकू येत नाही का? घाल!" दहा ग्रॅम. "अजून!" अजून दहा. चिठ्ठी काही मी बदलली नाही. तोंडाने सांगितलं आणि विसरून गेलो. मग सहा महिने त्या माणसाच्या डोक्यावर खापर फोडून इथे नव्या छंदाची मजा करत बसलो. लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

एक मात्र कळत नाही. भिंग चार वर्षांपूर्वीच पिवळं पडलं असेल, तर तीन वर्षं एकही लॉट परत कसा आला नाही? छत्तीस वर्षांचा अनुभव, दुसरं काय. डोळा गेला तरी अंदाजाने सांभाळून नेलं असणार. बुडत्याला एवढा तरी आधार असू दे.

बुधवार, २६ नोव्हेंबर

बाईंचा मीटर उसना आणला होता. बाराही रेझिस्टर मोजून बदलले. रिसीव्हर लागला. कुठल्या तरी देशातला एक म्हातारा आपली तार वाऱ्याने तुटली, ती परत कशी बांधली, ते सांगत होता. इतका स्पष्ट की शेजारच्या खोलीत बसलाय! क्लबात नाव घातल्यापासून चार महिने याच क्षणाची वाट पाहिली आणि आज दोन मिनिटंसुद्धा ऐकवेना. बंद केला.

मॅनेजरला फोन केला. उद्या येतो, पण सही करणार नाही, डॉक्टरांचा कागद आणतो. आधी ते हसले. मग म्हणाले, "मास्तर, घोळ घालू नका. तुमचंच नाव खराब होईल. कापडाच्या धंद्यात अशा गोष्टी चार दिवसांत चारी दिशांना जातात." पुढचं जे म्हणाले ते लिहीत नाही.

फोन ठेवला तर ही समोर. सगळं ऐकत होती. म्हटलं, माझं नाव जाईल गं, ज्याच्या जिवावर आयुष्य काढलं ते. ती म्हणाली, "तुमचं नाव जाईल. त्याची नोकरी जाईल. काय ते तुम्हीच ठरवा." आणि उद्याचा सदरा इस्त्रीला घेतला. ठरलेलंच होतं म्हणजे तिच्या मनात.

भीती वाटते. ज्या खात्यात मी खाकरलो तरी लोक मान वर करायचे, तिथे उद्या उभं राहून सांगायचं की मला दिसत नव्हतं.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

सांगितलं. कागद ठेवला. सोमवारपासून घुम्या कामावर.

फाटकाशी गाठून त्याची माफी मागितली. मान हलवली. निघाला. मग थांबला आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा न विचारता बोलला.

"मास्तर, तीन वर्षं तुम्ही निळा घाल म्हणायचात. मी मान हलवायचो आणि नुसतं ढवळायचो. नमुना माझ्या खिशात असायचा."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमचे दिवस थोडे राहिले होते. वाटलं, निघून जातील. पण त्या दिवशी तुम्ही टाकीपासून हललाच नाहीत."